गोठ्यातले प्रश्न आणि शास्त्रवचन

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ख्रिस्ती शेतकरी व पशुपालक वाचकांची आहेत. म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच राखून ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे न छापता फक्त तालुका दिला आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मांडतो, कारण पुढे ती वारंवार येणार आहे. उपदेश ऐकताना आपण स्वतःला नेहमी मेंढरू समजतो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या दावणीला जनावर बांधलेले आहे तो माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत मेंढराच्या जागी नव्हे, तर धन्याच्या जागी उभा असतो. बायबलमधील नियमशास्त्रात आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांत जनावरांविषयी जे लिहिले आहे, त्यातील मोठा भाग या धन्याला उद्देशून लिहिलेला आहे, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये तोच भाग सर्वांत कमी वाचला जातो, असे माझे मत आहे.

माझ्याकडे खिल्लार बैलांची जोडी आहे. ‘माझे जू आपल्यावर घ्या म्हणजे तुमच्या जिवाला विसावा मिळेल’ अशा अर्थाचे प्रभूचे वचन ऐकले की मला बैलांचे सुजलेले खांदे आठवतात. जुवाखाली विसावा कसा मिळेल? (खटाव तालुका)

हा प्रश्न बैलाच्या खांद्यावरून हात फिरवलेल्या माणसालाच पडू शकतो. भाऊ, खांदेसूज कशाने येते हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. जू नीट तासलेले नसते, जोडीतला एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असल्यामुळे सारा भार एकाच मानेवर पडतो, गाडीतले ओझे पुढे सरकून खांद्यावर दाब येतो, पावसात खांदा भिजलेला असताना बैल जुंपले जातात, किंवा खांदा अजून तयार न झालेल्या कोवळ्या बैलाला पहिल्याच हंगामात दिवसभर राबवले जाते. यांतली एकही गोष्ट बैलाच्या हाती नाही. जू कोणी बेतले आणि जुंपणारा कोण आहे, यावरच सारे अवलंबून असते.

मत्तय ११:२८-३० या वचनांतील प्रभूचे बोलणे त्याच अंगाने वाचावे. तेथे प्रभू कष्टी व भाराक्रांत लोकांना बोलावतो. त्यांच्यावर भार कोणी घातला होता, याचे उत्तर त्याच शुभवर्तमानात पुढे २३:४ मध्ये आहे: शास्त्री आणि परूशी जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर ठेवतात आणि ती हलवायला स्वतः बोटही लावत नाहीत. काम नसेल, नांगर ओढावा लागणार नाही, असे आश्वासन प्रभूने दिलेले नाही. ज्याला खांद्याची जाण आहे अशा धन्याचे जू आपण घ्यावे, असे त्याने म्हटले आहे. तो स्वतः सुतार होता, हे मार्क ६:३ वरून आपल्याला माहीत आहे. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिर याने तर येशू नांगर आणि जू बनवत असे, असे लिहून ठेवले आहे. गालीलातल्या शेतकऱ्यांपुढे जुवाविषयी बोलणारा हा मनुष्य जू हाताळलेला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता धन्याची बाजू घेऊ. ज्याने असे सोयीचे जू पत्करले आहे, त्याने आपल्या बैलावर कसले जू ठेवले आहे? ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर चढावाला बैल गुडघे टेकताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. निर्गम २३:५ तर इथपर्यंत सांगते की, तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तरी त्याला सोडून जाऊ नकोस, त्याला मोकळे करायला मदत कर. वैऱ्याच्या जनावरासाठी जर ही आज्ञा आहे, तर स्वतःच्या बैलासाठी निराळी आज्ञा लिहिण्याची गरजच उरत नाही. खांदा सुजला असेल तर सूज पूर्ण उतरेपर्यंत जुंपणे थांबवावे, पशुवैद्यकाला दाखवावे आणि कोणी कितीही आग्रह केला तरी डाग देऊ नये.

आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. बेंदराच्या दिवशी गावातले सारे बैल सजतात आणि आमचे तेवढे दावणीला तसेच उभे राहतात. मुलांना वाईट वाटते. बेंदूर करणे म्हणजे मूर्तिपूजा होईल, असे वडीलधारे म्हणतात. आम्ही काय करावे? (कराड तालुका)

विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत श्रावण अमावास्येला पोळा होतो. आपल्याकडे आषाढात बेंदूर असतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी किंवा तेल चोळले जाते. दुसऱ्या दिवशी बैलांना धुतात, शिंगे रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी खाऊ घालतात, मिरवतात आणि पूजाही करतात. एका नावाखाली अनेक गोष्टी एकत्र आलेल्या आहेत आणि त्यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

पूजेबद्दल दुमत नाही. ओवाळणी, नैवेद्य, नारळ या गोष्टी आपण करणार नाही आणि त्याचे कारण शेजाऱ्यांनी विचारले तर नम्रपणे सांगू. उपासना एकट्या देवाची करावयाची आहे. परंतु बैलाला विसावा देणे, धुणे, त्याचा खांदा चोळणे आणि त्याला पोटभर चांगले खाऊ घालणे यांवर कोणा एका धर्माचा हक्क नाही. निर्गम २३:१२ मध्ये सातव्या दिवसाचा हेतू स्पष्ट सांगितला आहे की, तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा. अनुवाद ५:१४ मध्ये दहा आज्ञांच्या मजकुरातच बैलाचा उल्लेख आहे. सीनायवर दिलेल्या आज्ञेत जर बैल आहे, तर ख्रिस्ती शेतकऱ्याच्या गोठ्यात विसाव्याचा दिवस वर्षातून एकदा नव्हे, आठवड्यातून एकदा यावयास हवा. तो खरोखर येतो का, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, खांदेमळणीच्या संध्याकाळी आपणही बैलांचे खांदे चोळा आणि त्या वेळी घरातल्या सर्वांनी मिळून वर्षभराच्या राबणुकीबद्दल देवाचे उपकार माना. मुलांना शिंगे रंगवू द्या. पुरणपोळी करा, मात्र बैलाला एखादीच घाला, कारण पुरण आणि धान्य एकदम जास्त पोटात गेले की जनावराचे पोट बिघडते आणि सणाच्या रात्री डॉक्टरांना बोलवावे लागते. देवळाकडे जाणाऱ्या मिरवणुकीत जाऊ नका. तरीही मंडळीत कोणाच्या मनाला ठेच लागत असेल तर पौलाने १ करिंथ ८ मध्ये दाखवलेल्या वाटेने जावे. त्या बांधवाला आधी घरी बोलवावे, समजावून सांगावे आणि त्याचे मन दुखावेल असा हट्ट धरू नये. वडीलधाऱ्यांचा उद्देश चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु गावातले सारे बैल धुतलेले असताना विश्वासणाऱ्याचा बैल शेणात उभा राहावा, यातून ख्रिस्ताची कोणतीही साक्ष होत नाही, हे मी त्यांना आदरपूर्वक सांगू इच्छितो.

२०२२ मध्ये लम्पीच्या साथीत आमची गाभण गाय गेली. आम्ही तिच्याजवळ बसून रात्री जागवल्या, प्रार्थना केल्या. शेजारची गाय वाचली. मंडळीतील एकाने ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे म्हटले. एवढी वर्षे झाली तरी ते बोलणे मनातून जात नाही. (तासगाव तालुका)

ताई, ते बोलणे चुकीचे होते. ते आपल्याशी बोलले जायला नको होते आणि मंडळीतल्या कोणीतरी त्याच वेळी ते खोडून काढायला हवे होते.

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असे प्रभूने विचारले आणि ‘नाही’ असे उत्तरही स्वतःच दिले (लूक १३:४-५). जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच हिशेब मांडला तेव्हाही त्याने तो नाकारला (योहान ९:३). देव आपला सूर्य वाईटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो (मत्तय ५:४५), हे ज्या मंडळीत वाचले जाते, तेथे एका गायीच्या जगण्यावरून शेजारणीचा आणि दुसरीच्या मरण्यावरून आपला विश्वास मोजला जाऊ नये.

लम्पी हा विषाणूचा आजार आहे. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडे त्याचा प्रसार करतात. अंगावर गाठी येतात, ताप चढतो, पाय सुजतात, जनावर चारा सोडते. संकरित जनावरांना आणि लहान वासरांना तो जास्त जाचतो. त्या वर्षी आपल्या राज्यात शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचली गेली. पण कोणतीही लस टोचल्याबरोबर अंगात ताकद येत नाही, त्याला काही आठवडे लागतात, आणि त्या मधल्या दिवसांत रोग शिरला तर सगळी काळजी घेऊनही जनावर हातचे जाते. आपल्या गायीच्या बाबतीत नेमके काय झाले ते मी इथून सांगू शकत नाही, पण ते आपल्या प्रार्थनेच्या बळावर ठरले नाही, एवढे शास्त्राच्या आधारे ठामपणे सांगतो.

हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट सवडीने वाचा. अंजिराला फुले नाहीत, द्राक्षवेलींना फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतांतून अन्न येईना, वाड्यातली मेंढरे नाहीशी झाली, गोठ्यात गुरे उरली नाहीत, अशी ती यादी आहे. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला आणि दुष्काळात छावणीला जनावरे नेलेल्या माणदेशी शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. एवढे सारे गेल्यावर संदेष्टा म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. मात्र या वाक्याची घाई कोणी कोणावर करू नये. हबक्कूकाचा ग्रंथ हर्षाने सुरू होत नाही. ‘मी किती काळ आरोळी मारावी आणि तू ऐकू नयेस’ अशा तक्रारीने तो सुरू होतो, आणि त्या तक्रारीबद्दल देवाने संदेष्ट्याला रागे भरलेले नाही.

गायीसाठी इतके रडावे काय, असेही कोणी म्हटले असेल. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या आणि वारणाकाठच्या गावांतून, जनावरे मागे राहतील म्हणून नावेत बसायला तयार नसलेली माणसे होती, आणि पाणी छातीला लागल्यावर दावी कापून जनावरांना मोकळे सोडणारीही होती. त्यांना हा प्रश्न विचारण्याचे धाडस कोणी करणार नाही. योनाच्या ग्रंथाचे शेवटचे वचन पाहा. निनवेचा नाश न करण्याचे कारण सांगताना देव तिथल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांचा उल्लेख करतो आणि पुढे ‘पुष्कळ गुरेढोरेही’ असे जोडतो. परक्या, पापी नगरातली गुरे ज्याच्या ध्यानात आहेत, त्याच्या ध्यानात आपली गाय होती.

लसीकरण दर वर्षी चुकवू नका, गोचिडांचा बंदोबस्त करा, आजारी जनावर लगेच वेगळे बांधा. प्रार्थना आणि औषध यांच्यात वैर नाही. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत जे रुग्णालय सुरू केले, ते ज्या जिल्ह्यात आहे तेथील विश्वासणाऱ्यांना तरी हे निराळे सांगावे लागू नये. तासगावच्या मंडळीला माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी कोणाचे जनावर दगावले तर उपदेश घेऊन न जाता कडब्याच्या चार पेंढ्या घेऊन जावे आणि दुभती गाय गेली असेल तर काही दिवस त्या घरी दूध पोचवावे.

आमचे पोट शेळ्यांवर आहे. शेवटच्या न्यायाच्या दाखल्यात मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे जातात, म्हणून संडे स्कूलमध्ये माझ्या मुलीला मुले चिडवतात. शेळीचा असा काय अपराध आहे? (जत तालुका)

शेळीचा काहीही अपराध नाही आणि आपल्या मुलीला हे निःसंकोच सांगा. वल्हांडणाचा कोकरा मेंढरांतून किंवा शेरडांतून घ्यावा, असे निर्गम १२:५ मध्ये आहे. निवासमंडपावर जे आच्छादन घातले होते ते बकऱ्यांच्या केसांचे होते (निर्गम २६:७). नीतिसूत्रे २७:२७ मध्ये शेळीच्या दुधावर सारे घर पोसले जाते असे लिहिले आहे. आपण तिला गरिबाची गाय म्हणतो, त्याचा हा जुना पुरावाच आहे.

मत्तय २५ मधील मेंढपाळ दोन्ही प्रकारची जनावरे दिवसभर एकत्रच चारत होता, हे विसरता कामा नये. आपल्या भागातल्या मेंढरांच्या कळपांतही शेळ्या असतात. धनगराच्या चहाला दूध त्यांचेच आणि आई मेलेल्या कोकराला जगवायलाही तीच शेळी पुढे उभी केली जाते. न्यायाच्या दिवशी जो भेद होतो तो जातीवरून होत नाही. भुकेल्याला कोणी खायला दिले, तहानेल्याला कोणी पाणी दिले, आजारी आणि बंदिवान यांच्याकडे कोण गेले, यावरून तो होतो. डावीकडचेही त्याला ‘प्रभू’ म्हणूनच हाक मारतात, हे वाचून प्रत्येक उपासकाने थोडे थांबावे. अनाथ कोकराला पाजणारी शेळी त्या दाखल्याच्या उजव्या बाजूचेच काम करते, असे आपल्या मुलीने संडे स्कूलमध्ये सांगितले तर शिक्षकांनी तिला शाबासकी द्यावी.

यालाच जोडून एक गोष्ट सांगतो. मेंढरू मूर्ख असते, म्हणून देवाने आपल्याला मेंढरू म्हटले, असे व्यासपीठावरून फार ऐकू येते. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम संस्थेतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की मेंढी इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे ओळखते आणि दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवते. जतच्या माळावर माडग्याळ जातीच्या मेंढ्या राखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. योहान १० मध्ये मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत, असे आहे. तिथे प्रभूने मेंढरांच्या अडाणीपणाबद्दल काहीच म्हटलेले नाही. तो त्यांच्या ओळखीबद्दल बोलला आणि मोलकऱ्याच्या पळून जाण्याबद्दल बोलला.

आमच्या संकरित गायीला गोऱ्हा झाला. घरचे म्हणतात, दूध त्याला पाजून काय करायचे, चार दिवसांत आपोआप जाईल. मला हे सहन होत नाही. हे पाप आहे काय? (वाळवा तालुका)

होय, हे पाप आहे. ‘नीतिमान आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो’ या अर्थाचे नीतिसूत्रे १२:१० हे वचन आहे आणि त्याच वचनाच्या दुसऱ्या भागात दुष्टांची दयासुद्धा क्रूर असते असे म्हटले आहे. उपाशी ठेवून ‘आपोआप’ मरू देणे हे मारणेच आहे. त्यात फक्त मारणाऱ्याला स्वतःचा हात दिसत नाही. लेवीय २२:२७ नुसार अर्पण करावयाचे वासरूसुद्धा सात दिवस आईजवळ राहिले पाहिजे असा नियम होता.

आपली अडचण मला कळते. शेतात ट्रॅक्टर आला, संकरित गोऱ्ह्याला खिल्लारासारखे ऊन सोसत नाही, म्हणून त्याला औताला कोणी विचारत नाही. तो पितो ते दूध डेअरीला घातले असते तर पैसे झाले असते. बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर राज्यात २०१५ पासून बंदी आहे आणि कायदा पाळणे आपले कर्तव्य आहे. या साऱ्याचा भार शेवटी शेतकऱ्यावर पडतो, आणि त्याची चर्चा शहरातले विश्वासणारे करत नाहीत, याची मला खंत वाटते. परंतु ही अडचण धन्याची आहे, गोऱ्ह्याची नव्हे. ज्या वेताचे दूध आपण विकतो ते वेत त्याच्या जन्मामुळेच आले. तेव्हा त्याच्या खाण्याचा खर्च त्या दुधाच्या खर्चातच धरला पाहिजे, जसा पेंडेचा आणि डॉक्टरांचा धरतो.

त्याला पहिल्या काही तासांत पोटभर चीक पाजा, पुढेही दूध द्या आणि हळूहळू चाऱ्यावर आणा. सांभाळायला तयार असलेला कोणी मिळाला तर त्याला द्या, पण रात्री बाजाराच्या आवारात किंवा रस्त्यावर सोडून येऊ नका. पुढच्या वेळी गाय भरवताना लिंगनिर्धारित रेतमात्रेबद्दल पशुवैद्यकाला विचारा. तिच्यामुळे कालवड होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. घरच्यांशी वाद न घालता हिशेबाचा कागद आणि नीतिसूत्रांचे हे वचन त्यांच्यापुढे एकत्र ठेवा.

दुधात थोडे पाणी घातले तरी फॅट बसते. सगळेच घालतात. (फलटण तालुका)

आपण प्रश्न विचारलेलाच नाही, त्यामुळे उत्तरही छोटे देतो. लेवीय १९:३५-३६ आणि नीतिसूत्रे ११:१ वाचा आणि उद्यापासून थांबवा. ते दूध कोणाच्या तरी तान्ह्या लेकराच्या वाटीत जाते.

मी मिरजेत संडे स्कूल शिकवते. माझ्या वर्गातील मुलांनी मेंढरू जवळून पाहिलेले नाही. तेविसावे स्तोत्र कसे समजावून सांगावे? (मिरज)

चित्रे बाजूला ठेवा. त्या चित्रांत हिरवेगार कुरण आणि पांढरीशुभ्र मेंढरे असतात. दाविदाचा प्रदेश त्या कुरणापेक्षा माण आणि आटपाडीच्या माळांना जवळचा होता. दिवाळीनंतर कोरड्या भागातले कळप नदीकाठच्या ऊसपट्ट्याकडे उतरतात, काही घाट ओलांडून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. वाटेत शेतकरी खतासाठी त्यांना आपल्या रानात बसवतात आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात. असा एखादा वाडा, म्हणजे धनगरांचा कळपासह पडलेला तळ, मिरजेच्या आसपास बसलेला कळला की आधी परवानगी विचारा आणि मुलांना दिवस मावळण्याच्या सुमारास घेऊन जा.

तिथे मुलांना काय दाखवावे ते सांगतो. मेंढ्या वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत घेतल्या जातात तेव्हा मेंढका एकेकीकडे पाहतो. लंगडणारी, मागे राहिलेली, न चरलेली मेंढी त्याला लगेच दिसते. दिवसभर वेगळी ठेवलेली कोकरे सोडली की क्षणभर नुसता कल्लोळ होतो आणि मग प्रत्येक मेंढी वास घेऊन, आवाज ऐकून आपलेच कोकरू शोधून काढते. लांडगा अजून या माळांवर आहे, म्हणून कुत्री जागी असतात आणि काठी हाताशी असते. ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ हे मुलांना तिथे उभे राहिल्यावर कळेल. वाडा हलतो त्या दिवशी चालू न शकणारी कोकरे घोड्याच्या पाठीवर किंवा माणसाच्या हातात असतात.

मग परत आल्यावर स्तोत्राबरोबर उत्पत्ती ३३:१३-१४ देखील वाचा. एसाव याकोबाला बरोबर चल म्हणतो, तेव्हा याकोब सांगतो की मुले कोवळी आहेत, पाजणारी मेंढरे व गुरे माझ्याबरोबर आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी सारा कळप मरेल, म्हणून मी त्यांच्या चालीने हळूहळू येतो. साऱ्या आयुष्यात कुरघोडी करत आलेला याकोब मेंढरांमागे चालून एवढे शिकला होता. माझ्या मते, वडीलमंडळींच्या सभेतही हा उतारा वर्षातून एकदा वाचावा.

आणखी एक विनंती आहे. वाड्यावरची माणसे बिरोबाची, सिद्धनाथाची भक्ती करणारी असतात. आपण त्यांचे पाहुणे म्हणून जाणार आहोत, तेव्हा त्या संध्याकाळी उपदेश करू नये; मुलांनी विचारावे आणि त्यांच्याकडून ऐकावे.

पहाटे उठून शेण काढणे, धारा, वैरण, डेअरीला दूध घालणे हे सर्व होईपर्यंत साडेनऊ वाजतात. आमची उपासना नऊला सुरू होते. मी उशिरा पोचते तेव्हा लोक मागे वळून पाहतात. दोन जणींनी तर येणेच सोडले आहे. (माण तालुका)

शब्बाथ दिवशी एका बाईला बरे केल्यावरून सभास्थानाचा अधिकारी रागावला, तेव्हा प्रभूने त्याला विचारले की तुम्ही प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही काय (लूक १३:१५). जनावराला पाणी दाखवणे हे विसाव्याच्या दिवशीही टळत नाही, हे त्याने गृहीत धरले आणि त्याचाच दाखला देऊन त्या बाईचा कैवार घेतला. गायीची कास रविवारीही तितकीच भरते. आपण उपासनेला उशिरा येत नाही आहात, ताई. आपण शास्त्राने मान्य केलेले काम आटोपून येत आहात.

म्हणून हे उत्तर आपल्यापेक्षा आपल्या पाळकांसाठी आणि घरच्या पुरुषांसाठी आहे. ज्या गावात बहुतेक घरी दुभते आहे, तेथे उपासनेची वेळ डेअरीचे संकलन संपल्यानंतरची असावी. साडेदहाला सुरुवात केली तर कोणाचेही नुकसान होत नाही. शहरातून दुसऱ्या उपासनेसाठी येणाऱ्या पाळकांना ते गैरसोयीचे होत असेल, तर दोन मंडळ्यांनी आपापसांत वेळ बदलून घ्यावी. पुरुषांनी रविवारची सकाळची धार आणि शेण आपल्याकडे घ्यावे, धार काढता येत नसेल तर शिकून घ्यावी. पहिले काही दिवस गाय परक्या हाताला पान्हा सोडणार नाही, म्हणून शनिवारपासूनच तिच्याजवळ बसायला लागावे. आणि ज्या दोन भगिनींनी येणे सोडले आहे, त्यांच्या घरी पाळकांनी या आठवड्यात जावे, पण सकाळी नऊच्या आत जाऊ नये.